काढलेली बाही

अख्तर खानमच्या उजव्या अंगठ्याच्या पेरावर एक खळगा होता. कुणी विचारलं तर ती म्हणायची, "कात्रीचा आहे. शिवणकाम केलंय ना आयुष्यभर." हे अर्धं खरं होतं, आणि अर्ध्या खऱ्यावर तिची तीस वर्षं बरी निघाली होती.

खळगा शाईच्या पेनाचा होता. नवरा युद्धाच्या आघाडीवरून फुफ्फुसं जाळून घेऊन परतला तेव्हा मुलगा दोन वर्षांचा. शिवणशाळेत चित्रकलेत पहिली आलेली अख्तर एका सरकारी कचेरीत चिकटली. तिथे परदेशी मासिकं पोत्यांतून यायची, आणि त्यांतल्या बायकांचे उघडे दंड, गळे, पोटऱ्या झाकल्याशिवाय ती बाजारात जायची नाहीत. असलं काही पुरुषांच्या नजरेला पडू नये म्हणून हे काम बायकांकडे. आठ जणी, एक लांब टेबल आणि वर छताशी एक खिडकी. बाकीच्या सात जणी सरळ काळं फासायच्या. अख्तरला ते बघवायचं नाही. चांगल्या बेतलेल्या झग्यावर डांबर ओतल्यासारखं वाटायचं. ती बाही काढायची. कोपराशी तीन चुण्या, मनगटाला दोन भोकांचं बटण, खांद्याची शिवण नखभर मागे. साहेब खूश असायचे. आणि अख्तरही मनाशी म्हणायची, या सगळ्या विद्रूप करतात, मी निदान कपडे घालते.

अशी अकरा वर्षं. मग नवरा गेला, मुलगा शिकून स्वीडनला गेला, आणि अमीराबादच्या त्या जुन्या इमारतीत तळमजल्यावर अख्तर एकटी उरली. तीन वर्षांपूर्वी वरच्या मजल्यावर रोशनक राहायला आली, तेव्हा कुठे घराला जाग आली.

रोशनक चित्रकार होती. अडतिशीची, एकटी, तोंडाने फटकळ. चित्रांतही ती आपलंच अंग काढायची, आणि ते लोकांना दाखवण्यासारखं नसतं असं अख्तरचं मत होतं, जे ती दर दोन दिवसांनी बोलून दाखवायची. तरी जाता-येता रोशनक तिचं दार वाजवणारच. गोळ्या घेतल्या का, पाव आणू का, मुलाचा फोन आला का. मुलगा शुक्रवारी फोन करायचा, आणि ही रोज यायची.

त्या दिवशी स्वयंपाकघरातल्या टेबलावर अख्तर मेथी निवडत बसली होती. रोशनक एक जाड फाईल घेऊन आली आणि भाजीच्या शेजारीच उघडून बसली.

"प्रदर्शन पक्कं झालं, अख्तर खानम. पुढच्या शुक्रवारी. आणि हा बघा माझा उस्ताद."

फाईलमध्ये जुन्या जर्मन शिवण-मासिकांची पानं होती. अख्तरने पहिलं पान बघितलं. कोपराशी तीन चुण्या.

"सहा वर्षं गोळा करतेय," रोशनक म्हणाली. "रद्दीवाल्यांकडून, म्हाताऱ्या शिंपिणींकडून. बाकीचे नुसते काळे डाग. पण हा एक बघा, हा निराळा. बाह्या काढतो मेला. चुण्यांसकट."

"कुणी बाईनेही काढल्या असतील."

"छे! बाई बाईला असं करेल? पुरुषच आहे. कागदावर का होईना, रोज बायकांच्या दंडांवरून हात फिरवायला मिळतोय. मजा चाललीय त्याची."

"पोटासाठी माणूस काहीही करतो गं."

"पोटासाठी काळं फासतात, खानम. बटणं नाही लावत. सापडायला हवा मला एकदा. फक्त समोर बसवून बघणार आहे, कसा दिसतो ते. अहो, काय करताय? मेथीची पानं कचऱ्यात टाकताय आणि काड्या ठेवताय!"

अख्तरने कचऱ्यातली पानं परत वेचून घेतली. तेवढ्यात रोशनकने फाईलखालून एक झगा काढला. लहान मुलीचा, निळा, लांब बाह्यांचा.

"हा माझ्या आईने शिवलेला. मी नऊ वर्षांची होते, मावशीचं लग्न होतं. आईला मासिकात हा झगा आवडला. मासिकाबरोबर आलेला, कापड बेतायच्या नमुन्याचा कागद जमिनीवर पसरून दोन दिवस बाही शोधत होती बिचारी. बाही कुठे सापडणार? मूळ झगा बिनबाह्यांचा. बाही या उस्तादाने काढलेली! आईला वाटलं, कागदच अर्धवट आलाय. शेवटी चित्रावरून अंदाजाने बेतली. दिसायला अगदी चित्रातल्यासारखी. पण मला हात खांद्याच्या वर जाईना. काखेत सैल जागाच नाही ना ठेवलेली. मावशीच्या लग्नात सगळ्या नाचल्या, मी ठोकळ्यासारखी उभी. आई म्हणाली, शहाण्या मुली हात वर करत नाहीत."

ती हसली. मग म्हणाली, "अजूनही नाही जात हो. डॉक्टर म्हणतात, काही दोष नाही. पण जात नाही."

बाही चित्रात छान दिसावी एवढंच तेव्हा अख्तरने पाहिलं होतं. ती कुणी अंगात घालेल, त्यात एखादं पोर कोंबलं जाईल, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. अस्तनीतला निखारा म्हणतात तो आपणच, आणि अस्तनीही आपणच काढलेली. पोरीला हे कळलं तर ती या दारावर पुन्हा हात मारायची नाही, एवढं अख्तरला स्वच्छ दिसलं.

त्याच आठवड्यात कोपऱ्यावरचा वाणी म्हणाला, "खानम, वरच्या बाईंची कुणीतरी चौकशी करत होतं. कुठल्या मजल्यावर राहते, कोण येतं-जातं. नवं स्थळबिळ असेल!" आणि खो खो हसला. अख्तरला हसू आलं नाही.

बुधवारी दुपारी प्रदर्शनाच्या गॅलरीत सरकारी कचेरीतला एक माणूस आला. अख्तर तिथेच होती. झग्याला इस्त्री करायला रोशनकने तिला बोलावलं होतं. माणूस साठीचा, आवाजाने मऊ, हातात जपमाळ. गॅलरीच्या मालकीण महलका खानमनी चहा दिला, त्याने साखरेचा खडा दातात धरून सावकाश प्यायला. मग भिंतीवरची बारा चित्रं एकेक करून बघितली. कोळशाने काढलेली, माणसाएवढी. बाराही रोशनकच. पायघोळ परकर, खांदे उघडे, दोन्ही दंड अंगाशी लोंबणारे.

"झगा राहू द्या," तो म्हणाला. "छान आहे, माझ्या बहिणीचा होता असा. मासिकाची पानंही राहू द्या, ती तर आमचीच. पण हे हात झाकावे लागतील. शुक्रवारी सकाळी येतो."

"काळा पट्टा मारते," रोशनक म्हणाली.

"पट्टा नको, खानम. पट्टा म्हणजे टोमणा झाला. कापड वाटलं पाहिजे." त्याने कप खाली ठेवला. "नाही जमलं तर दार बंद राहील. आणि तसंही शनिवारी कचेरीत या. ओळखपत्र आणा. तुमची फाईल मागच्या वेळेपासून उघडीच आहे."

तो गेल्यावर महलका खानम खुर्चीत मटकन बसल्या. "बाई गं, मागच्या वेळी तुला दोन दिवस बसवून ठेवलं होतं. या वेळी मला नाही वाटत दोन दिवसांत भागेल. झाक म्हणतोय तर झाक."

"मला बाही काढता येत नाही," रोशनक म्हणाली. तिने एका कोऱ्या कागदावर करून बघितलं. बाही नव्हे, पाइपचा तुकडा दिसत होता. दुसऱ्यांदा कोळसाच मोडला.

अख्तरने इस्त्री उभी केली. खोलीत दुसरा कुणी नव्हता ज्याला हे येत होतं. काढली तर ही पोरगी हातची जाणार, आणि नाही काढली तर ते लोक तिला नेणार. हिशेब साधाच होता, फक्त जीव घेणारा.

"मी काढते," ती म्हणाली. "शिवणशाळेत शिकवलं होतं आम्हाला."

"तुम्ही? बरं, काढा. पण मी इथे थांबणार नाही. मला बघवणार नाही."

गुरुवारी सकाळपासून अख्तर एकटीच गॅलरीत. स्टुलावर चढून तिने पहिल्या चित्राला हात लावला. तीस वर्षांत पेन धरलं नव्हतं, पण कोळसा त्या खळग्यात असा बसला जसा काही कालच काढून ठेवला होता. तिने मनाशी पक्कं केलं होतं: चुण्या दोनच, बटण नाही. दोन चित्रं तशी जमलीही. मग हात तापला. पाचव्या चित्रात तिसरी चुणी आली, तिने बोटाने पुसली. सातव्यात पुन्हा आली. पुसली तर कागद खरवडला. तेव्हा तिने ती राहू दिली. रोशनकच्या खांद्यावरचा जुना व्रण, दंडावरचा तीळ, सगळं एकेक करून कापडाखाली गेलं. बाराव्या चित्राशी पोचेपर्यंत दुपार कलली होती. खाली उतरून तिने मान वर केली, तर मनगटाशी बटण होतं. दोन भोकांचं. आपण ते कधी काढलं, तिला आठवेना. पुसायला हात उचलला, तेवढ्यात महलका खानम आल्या आणि "वा! सुंदर!" म्हणत त्यांनी चित्रावर फवारा मारून टाकला. आता कोळसा हलणार नव्हता.

शुक्रवारी सकाळी तो माणूस आला तेव्हा अख्तर कोपऱ्यात बसली होती आणि रोशनक दाराशी उभी होती, भिंतीकडे पाठ करून. त्याने सावकाश फेरी मारली. बाराव्या चित्रापाशी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"हा हात मला माहीत आहे," तो म्हणाला. आवाजात आनंद होता. "मी नवा लागलो तेव्हा आमचे साहेब ही पानं दाखवायचे. म्हणायचे, काम असं करा. हे बटण! कोणी काढलं हे?"

रोशनक वळली. आधी तिने बटण पाहिलं. मग काचेमागचं मासिकाचं पान पाहिलं. पुन्हा बटण. मग अख्तरचा अंगठा.

"रोशनक खानम, तुम्ही ओळखलंत वाटतं त्यांना?" माणसाने विचारलं. "नाव सांगा. नाहीतर शनिवारी तुमच्याशी तेच बोलू."

रोशनकचे ओठ घट्ट मिटले होते. ती सांगणार नव्हती. आणि सांगणार नव्हती म्हणूनच तिला शनिवारी जावं लागणार होतं.

"मी," अख्तर म्हणाली. "मी काढलं. हेही आणि तेही."

माणसाने छातीवर हात ठेवून मान लववली. "मग प्रश्नच मिटला. रोशनक खानमनी येण्याची गरज नाही. तुम्ही या. आताच्या मुलांना मशीनवर काळे चौकोन टाकता येतात, बाही येत नाही. उद्या नऊला फोन करतो. गाडी पाठवीन, या वयात तुम्ही कशाला दगदग करायची."

दुपारी चारला गॅलरीचं दार उघडलं, लोक आले म्हणे, पुष्कळ आले. अख्तर घरीच होती. संध्याकाळी जिन्याशी रोशनकची पावलं वाजली. दाराशी आली, थबकली. अख्तर उठून उभी राहिली. पावलं वर गेली. तीन वर्षांत पहिल्यांदाच.

शनिवारी सकाळी पाव आणायला दार उघडलं, तर कडीला एक पिशवी अडकवलेली. आत तो निळा झगा. चिठ्ठी नव्हती. खिडकीतल्या उजेडात अख्तरने तो उलटा करून मांडीवर घेतला. काखेत टाके उसवून पुन्हा घातलेले दिसत होते, एकदा नव्हे, तीन-चारदा. आईने पोरीचा हात वर जावा म्हणून धडपड केली होती, पण बाही मुळातच चुकीची.

तिने चष्मा लावला, बारीक कात्री घेतली आणि पहिला टाका कापला.

बरोबर नऊला फोन वाजला. ती टाके कापत राहिली. फोन थांबला, परत वाजला, परत थांबला. उजवी बाही सुटून हातात आली, नुसता एक चिंधीचा तुकडा. तिने ती बाजूला ठेवून डावी मांडीवर ओढली.

बाहेर रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला. मग इमारतीच्या दाराची बेल. अख्तरने अंगठा कात्रीत नीट बसवला. वर रोशनकच्या खोलीत खुर्ची सरकली आणि जिन्यावर पावलं वाजायला लागली. ती अख्तरच्या दाराकडे येत होती की इमारतीचं दार उघडायला चालली होती, ते अजून कळत नव्हतं. डाव्या बाहीचे अकरा टाके बाकी होते.