पिशवीचा दुमडलेला कोपरा

लॅबच्या ग्रुपवर एका सकाळी निरोप आला, "सुमनमावशी गेल्या." त्याखाली लगेच दुसरा, "मग आज देठ कोण धुणार?" महिना होत आला, तो दुसरा निरोप काही डोक्यातून जात नाही...

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. नाशिकजवळच्या या लॅबमध्ये प्रोजेक्टसाठी आले, तेव्हा द्राक्षाच्या पानाचा देठ तपासला की वेलीला काय कमी पडतंय ते कळतं, एवढंच मी पुस्तकात वाचलं होतं. बाकीचं चांदवडकडच्या या मावशींनी शिकवलं. फुलोऱ्यात घडासमोरचंच पान घ्यायचं, पातं लगेच काढून टाकायचं, देठ कागदी पिशवीत ठेवायचे. लॅबमध्ये आलेले देठ तपासणीआधी धुणं हे मावशींचं काम. मावशींना लिहिता येत नव्हतं. नमुन्यात काही खोट वाटली, की त्या पिशवीचा कोपरा दुमडायच्या. लॅबचे साहेब तो सरळ करायचे.

गेल्या हंगामात विंचूरकडच्या एका बागेचे देठ आले. मावशींनी एक देठ नखाने खरवडला. "साहेब, हे फवारा मारल्यावर तोडलेत. धुऊन जायाचं नाय." साहेब हसले. "मावशी, तुम्ही धुवा. तपासायला आम्ही आहोत." मावशींनी कोपरा दुमडला, साहेबांनी सरळ केला. रिपोर्टात झिंक भरपूर आलं, म्हणून त्या बागायतदारांनी झिंक देणं थांबवलं. काही आठवड्यांनी ते हातात घड घेऊन उभे... ज्वारीएवढे मणी, मध्येच एखादा मोठा, झिंक कमी पडल्याची खूण. साहेब मावशींच्या देखत म्हणाले, "आमच्या बाई नीट धूत नाहीत हो." मी शेजारीच होते. गप्प राहिले. प्रोजेक्टवर सही साहेबांची हवी होती.

बाहेर आल्यावर मावशी म्हणाल्या, "कॉलेजातली ना गं तू? मग तोंड काय नुसतं डबा खायला हाय?" हसल्याही. मला हसता आलं नाही.

शोकसभेत साहेब म्हणाले, "मावशींनी कधी तक्रार केली नाही." खोटं आहे हे! प्रत्येक दुमडलेला कोपरा तक्रारच होती. वाचायची नव्हती ती आम्हाला, शिकलेल्या माणसांना. तिथेही मी बोलू शकले नाही, म्हणून इथे लिहिते. मावशींनी देठ नीट धुतले होते. मी पाहिलं आहे.

विंचूरच्या देठांची ती पिशवी मी जपून ठेवली होती. परवा विंचूरला जाऊन त्या बागायतदारकाकांना दाखवली, सगळं सांगितलं. ते कितीतरी वेळ घडीवरून बोट फिरवत राहिले. "देठ तोडायच्या आदल्याच दिवशी झिंकचा फवारा झाला होता, ताई. पण मला कुणी इचारलंच नाय."

कोपरा पुन्हा दुमडून मी पिशवी प्रोजेक्टच्या वहीत ठेवली आहे. सही अजून व्हायची आहे.