भिंतीवरच्या चार काचा

आमच्या घरात माझा शब्द एकाच बाबतीत शेवटचा असायचा, तो म्हणजे भिंतींच्या. लग्नकार्यात कोणाला बोलवायचं, कोणाला कुठली साडी द्यायची, यात मला कोणी काही विचारत नसे. पण छत गळलं किंवा फरशी उचलली गेली की थोरल्या भावाचा फोन यायचा, "तू एकदा येऊन बघून जा." मी एका सरकारी कारखान्याच्या बांधकाम विभागात नोकरी केली आणि त्यातली बहुतेक वर्षं काँक्रीटचे ठोकळे फोडून त्यांची ताकद मोजण्यात घालवली. भिंतीवर हातोडीचा दांडा आपटून नुसत्या आवाजावरून आत पोकळ आहे की भरीव, हे मी सांगायचे. त्याचा मला गर्व होता. निवृत्त झाल्यावर तो जरा जास्तच वाढला, कारण दाखवायला दुसरं काही उरलं नव्हतं.

भावाला आम्ही सगळे अण्णा म्हणतो. चिकपेटमध्ये त्याचं साड्यांच्या फॉलचं आणि अस्तराचं दुकान होतं. खाली दुकान, वर दोन खोल्या आणि मागच्या अंगाला स्वयंपाकघर. तिथे तो आणि वहिनी दोघंच राहायची. पेटेतली, म्हणजे जुन्या बाजारातली, घरं एकमेकांना खेटून असतात. दोन घरांत मिळून एकच भिंत, त्यामुळे शेजारी खिळा ठोकला तरी वहिनींच्या मांडणीवरची भांडी किणकिणायची.

मग डावीकडच्या शेजाऱ्याने घर विकलं. त्याच्या पलीकडच्यानेही विकलं, त्याच्या पलीकडच्यानेही. एका सकाळी तिन्ही घरांवर हिरवी जाळी चढली आणि दोन महिन्यांत जाळीमागे काही उरलं नाही. समोर मोठा फलक लागला. त्यावर काचेची उंच इमारत, सरकते जिने आणि हातात पिशव्या घेतलेली गोरीगोमटी माणसं. चिकपेटला असं कोणी खरेदीला येताना मी तरी पाहिलेलं नाही. इमारतीखाली दोन मजले गाड्यांसाठी होणार होते, म्हणून खोदकाम सुरू झालं. खड्डा अण्णाच्या भिंतीपासून हातभर अंतरावर होता.

बिल्डरचा माणूस अण्णाकडे दोनदा येऊन गेला. अण्णाने त्याला कॉफी पाजली आणि नाही म्हटलं. त्यानंतर एका शनिवारी मी गेले तेव्हा त्याने मला गल्ल्याजवळ बसवलं.

"हे बघ, मला विकायचं नाही. पण तुझ्या वहिनीचा जीव धोक्यात घालून मला इथं राहायचं नाही. भिंत धोक्याची असेल तर तू सांग, त्याच दिवशी कुलूप लावतो. नसेल तर कोणी काही म्हणो, मी हलणार नाही. तू म्हणशील ते."

मला बरं वाटलं. आज हे लिहिताना लाज वाटते, पण खरंच बरं वाटलं.

वर जाऊन पाहिलं. स्वयंपाकघरातल्या सामाईक भिंतीवर एक तडा होता. माळ्यापासून निघून तिरका मोरीपर्यंत आलेला, केसाएवढा. असे तडे मी हजारो पाहिलेत. तडा असणं वाईट नसतं, तो वाढतोय की थांबलाय एवढंच बघायचं असतं. त्यासाठी जुना उपाय आहे. तड्यावर आडवी पातळ काच लावायची आणि दोन्ही टोकं प्लास्टरने घट्ट करायची. काच ताणली जात नाही. भिंत जराशी जरी सरकली तरी काच फुटते. फुटली नाही तर निवांत झोपावं.

माझ्याकडे प्रयोगशाळेतल्या काचपट्ट्यांचा एक डबा होता, पन्नास पट्ट्यांचा. पुढच्या फेरीला तो नेला आणि चार जागी चार काचा लावल्या. वहिनी शेजारी उभ्या राहून बघत होत्या. प्लास्टर किती पातळ, असं त्यांनी विचारलं. भज्यांच्या पिठाएवढं, असं मी सांगितलं. त्या हसल्या. प्रत्येक काचेशेजारी भिंतीवर मी पेन्सिलने तारीख लिहिली. काचेवर नाही, भिंतीवर. नोकरीत माझ्या हाताखालच्या कोणी असं केलं असतं तर मी त्याला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं असतं.

काच कशासाठी, हे मी खाली येऊन अण्णाला नीट समजावलं, कागदावर आकृतीही काढली. वहिनींना मात्र जाता जाता एवढंच म्हणाले, "या काचांना जपा हं. त्या फुटता कामा नयेत." उरलेल्या काचांचा डबा आणि प्लास्टरची पिशवी त्यांच्याच फडताळात ठेवली, पापडाच्या डब्यामागे. दर वेळी इंदिरानगरहून कोण वाहून आणणार!

त्यानंतर मी दर शनिवारी जायचे. मॅजेस्टिकला मेट्रो बदलायची, चिकपेटला उतरायचं, गर्दीतून वाट काढत दुकानात शिरायचं आणि चप्पल काढून थेट वर. चारही काचा अखंड. पहिल्या शनिवारी अखंड, दुसऱ्या शनिवारी अखंड, पावसाळा संपला तरी अखंड. मी खाली येऊन अण्णाला सांगायचे, "काही होत नाही. काच खोटं बोलत नाही." अण्णा मान डोलवायचा आणि गिऱ्हाइकाकडे वळायचा.

बाकी सगळं मात्र काहीतरी सांगत होतं. स्वयंपाकघराचं दार लागेनासं झालं. "स्वल्प अडकतंय हो, वन्सं," वहिनी म्हणाल्या. मी म्हटलं, दमटपणाने लाकूड फुगलंय. दुकानाचं शटर अर्ध्यावर येऊन तिरकं व्हायचं. मी म्हटलं, गंजलंय, तेल घाला. खड्ड्यातलं पाणी उपसायचा पंप दिवसभर चालायचा आणि वर वाटीतलं ताक एकसारखं थरथरत असायचं. ओल्या मातीचा वास स्वयंपाकघरात येऊन बसला होता, फोडणीनेही तो जाईना. दुकानाच्या पायरीवर कित्येक वर्षं एक फूलवाली अक्का बसायची. ती एका शनिवारी रस्त्याच्या पलीकडे टोपली मांडून बसलेली दिसली. विचारलं तर म्हणाली, तिथे बसलं की खालून हलल्यासारखं होतं. मी हसले. माझ्याजवळ चार काचा होत्या, तिच्याजवळ काय होतं?

एकदा जाळी बाजूला सारून मी खड्ड्यात डोकावले. माती सरळ उभी कापलेली होती, आधाराला काही नाही, आणि अण्णाच्या घराचा दगडी पाया उघडा पडून वरून दिसत होता. तिथल्या सुपरवायझरला मी चांगलंच झापलं. तो शांतपणे कन्नडमध्ये म्हणाला, "एनू आगल्ला, अक्का." काही होत नाही म्हणे. मी तावातावाने वर गेले, काचा पाहिल्या. अखंड. मग खाली येऊन अण्णाला मीही तेच सांगितलं, फक्त मराठीत.

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी, माळ्याच्या वर तड्याला एक नवा फाटा फुटलेला मला दिसला. म्हटलं, इथे पाचवी काच लावू. वहिनी भाजी निवडत होत्या. मी फडताळातून डबा काढला, तर तो हाताला हलका लागला. उघडला. चार वापरल्या म्हणजे शेहेचाळीस असायला हव्यात. आत सात होत्या.

"वहिनी, यातल्या काचा कुठे गेल्या?"

"त्या होय? लागतात ना," त्या मान वर न करता म्हणाल्या. "फुटतात मधनंमधनं. मग मी बदलते."

मला आधी कळलंच नाही. मी पुन्हा विचारलं.

"अहो वन्सं, शुक्रवारी देवीचा दिवा लावते ना मी. फुटकी काच घरात कशी ठेवायची त्या दिवशी? तुम्हीच म्हणालात, फुटता कामा नयेत. सकाळी सगळं पुसून घेताना बघते, फुटलेली असली की काढते, नवीन लावते. भज्यांच्या पिठाएवढं पातळ. तुम्हाला कशाला दर वेळी त्रास?"

मी खाली बसले. दर शुक्रवारी त्या काचा बदलत होत्या आणि दर शनिवारी मी येऊन, काल लावलेल्या काचा आज धड आहेत, असं सांगून जात होते. बोट लावून पाहिलं असतं तर प्लास्टर ओलसर लागलं असतं; आणि तारीख भिंतीवर असल्याने काच बदलली तरी कळत नव्हतं. मी लांबूनच बघत होते, कारण मला जे हवं ते लांबूनच दिसत होतं.

"किती फुटायच्या?" मी विचारलं.

"पहिल्यांदा महिन्यातून एखादी. मग आठवड्याला एक. आता चारातल्या तीन तरी जातातच. काल तर चारही बदलल्या." आणि मग माझ्या चेहऱ्याकडे बघून, "का हो? काही चुकलं का माझं?"

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. त्यांना वाटत होतं की त्या काचाच भिंतीला धरून आहेत, मोडलेल्या हाताला पट्टी बांधावी तशा. जे मी अण्णाला आकृती काढून सांगितलं, ते स्वयंपाकघरात दिवस काढणाऱ्या बाईला दोन वाक्यांत सांगावं असं मला वाटलं नव्हतं.

मी धावत खाली गेले आणि अण्णाला म्हणाले, "दुकान बंद कर. आत्ता. वहिनींना घेऊन निघायचं."

दोन गिऱ्हाइकं उभी होती. अण्णा अस्तराचा तागा मोजत होता, तो थांबला नाही. "अगं, मागच्या शनिवारी तर तू म्हणालीस काही होत नाही. काच खोटं बोलत नाही, असं तूच सांगतेस ना सगळ्यांना?"

"मी चुकले, अण्णा."

हे वाक्य मी त्याला आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं असेन. त्याने कात्री खाली ठेवली आणि माझ्यामागून जिना चढून वर आला. आम्ही तिघं त्या भिंतीसमोर उभे होतो. बाहेर भर दुपारची रहदारी, हॉर्न, हमालांची ओरड. मी त्याला डबा दाखवत होते, आकडे सांगत होते, आणि मोरीजवळच्या काचेतून टिच् असा आवाज आला. फार बारीक, बांगडी पिचल्यासारखा. काचेवर एक सरळ रेघ उमटली. अण्णा तिच्याकडे बघतच राहिला. वहिनींचा हात मात्र सवयीने माझ्या हातातल्या डब्याकडे आला. मी डबा छातीशी धरला.

तासाभरात आम्ही बाहेर होतो. देव, औषधं, कागदपत्रं आणि वहिनींनी हट्टाने घेतलेला पापडाचा डबा. कपड्यांचे तागे तसेच राहिले. शटर तिरकं होऊन अडकलं, ते अण्णाने अर्ध्यावरच सोडलं. मी पोलिसांत कळवलं, महानगरपालिकेत लेखी दिलं. नवव्या दिवशी, दुपारी, स्वयंपाकघराची भिंत खड्ड्यात बसली. आत कोणी नव्हतं. रोज त्या वेळेला वहिनी मोरीजवळ घासलेली भांडी उपडी घालत असत. उरलेलं घर पाडण्यावाचून मार्ग नव्हता, आणि बिल्डरचा माणूस तिसऱ्यांदा आला तेव्हा अण्णाने कॉफीही विचारली नाही, फक्त सही केली. त्या दिवसापासून त्याने मला एका शब्दाने दोष दिलेला नाही. दिला असता तर मला हलकं वाटलं असतं.

आता दोघं माझ्याकडे असतात, इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये, दुसऱ्या मजल्यावर. अण्णा सकाळी पेपर उघडतो आणि दुपारपर्यंत त्याच पानावर असतो. वहिनींनी शुक्रवारचा दिवा माझ्या ओट्याशेजारी मांडलाय.

गेल्या महिन्यात आमच्या शेजारचा बंगला पाडला. आंब्याचं झाड आधी गेलं, मग कौलं. परवा हिरवी जाळी लागली आणि काल सकाळी पिवळं यंत्र आत शिरलं. दुपारी वहिनी आपल्या खोलीतून आल्या आणि मला हाताला धरून घेऊन गेल्या. खिडकीखाली, कोपऱ्यातून निघालेला एक तडा. केसाएवढा. कदाचित नुसता रंगाचा असेल. कदाचित जुनाच असेल, माझ्या नजरेतून सुटलेला. अण्णाही उठून दारात आला आणि गल्ल्याजवळ बसून बघितलं होतं तसंच माझ्याकडे बघू लागला.

"काही होत नाही" हे माझ्या ओठांवर अगदी तयार होतं.

मी कपाटातून डबा काढला. सातातली एक काच घेतली, प्लास्टर भिजवलं, आणि या वेळी तारीख काचेवर लिहिली. वहिनींना समोर बसवून सगळं सांगितलं, काच कशासाठी, ती काय करते, काय करत नाही. "ही फुटली तर काढायची नाही, वहिनी. शुक्रवार असला तरी नाही. लगेच मला सांगायचं."

"सरी," त्यांनी होकार भरला. प्लास्टर माझ्या बोटांवर वाळायला लागलं होतं. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "सांगेन हो. पण वन्सं, मग इथनं कुठं जायचं?"

खाली यंत्र सुरू झालं. मी काच बोटाने दाबून धरली होती, ती सोडली नाही.