पळालेल्या पोराची हजेरी
पोरांनो, आज कपाटात मी शाळेत शिकवायचे तेव्हाचा जुना हजेरीपट सापडला आणि कळंबची ती दुपार आठवली. तुमची आई लॅपटॉपपुढे रडकुंडीला आली होती. ती सांभाळत असलेली वेबसाइट सारखी कोसळत होती. संध्याकाळपर्यंत कारण सापडलं नाही, तर काम तिच्या हातून जाणार होतं. ती मला म्हणाली, “आई, वेबसाइटवर लोकांकडून येणाऱ्या प्रत्येक मागणीची नोंद ती पुरी झाल्यावर होते. मधेच वेबसाइट कोसळली की त्या मागणीचा मागमूसच नाही!” मी म्हणाले, “अगं, हजेरी शाळा सुटताना घेतलीस, तर पळालेलं पोर कसं कळणार? आल्याआल्या घे, पळालं की शेरा मार.” तिनं झटपट तसंच केलं. तासाभरात वेबसाइट पुन्हा पडली, पण नोंद शाबूत होती: काय आलं, कुठे अडलं. “घावलं पोर, बाई!” ती ओरडली, आणि आम्ही दोघी चक्क नाचलो! आत्ता हजेरीपट उघडला, तर चौथीच्या पानावर तुमच्या आईच्या नावापुढे माझाच शेरा: दुपारी पळाली.