चप्पलवालं गाणं

गंधाली परबचे आजवर पाच अल्बम निघाले. पाचही मी रेकॉर्ड केले, आणि पाचांपैकी एकही तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत बसून ऐकलेला नाही. बसणं हाच तिचा प्रॉब्लेम. घाटकोपरला भटवाडीच्या चढावर तिचं घर. तिथे ती ताट हातात घेऊन दारापासून मोरीपर्यंत फेऱ्या मारत जेवायची. तिची आई शेवंतीकाकी देवगडची. ती ओरडायची, "एका जाग्यार बस गे बाय. काटे टोचतत काय तुका?"

मी सर्वेश, तिचा कॉलेजातला मित्र. अंधेरीला एका डबिंग स्टुडिओत साउंडचं काम करतो. मालिकांमधल्या सासवा दुसऱ्या भाषेतून मराठीत रडतात, ते रडणं मी साफ करतो. गंधालीचं काम त्यामानाने चांगलं. मुलुंडला कानाच्या एका डॉक्टरकडे ती लोकांची श्रवणशक्ती तपासते. पेशंटला छोट्या बंद खोलीत बसवायचं, हेडफोन लावायचा आणि बारीक बारीक आवाज सोडायचे. दिवसभर काचेपलीकडून विचारत राहायचं, "आला आवाज? आता? आता?"

त्या खोलीला आतून जाड फोम आहे. बाहेर रिक्षा बोंबलत असली तरी आत काही पोचत नाही. २०१४ साली डॉक्टरांकडून रविवारची किल्ली मागून आम्ही तिथेच तिचा पहिला अल्बम केला. एक माइक, एक गिटार, पाच गाणी. खोली एवढीशी की गिटारची मान भिंतीला आपटायची. अल्बमचं नाव 'उतार'. त्यातल्या चौथ्या गाण्यात या दोन ओळी होत्या:

तुझ्या गल्लीत माझी चप्पल तुटली
आता अनवाणी येऊ की परत जाऊ, सांग

बाकी गाणं साधंच होतं. पण इथे आलं की गंधालीचा आवाज शेवटच्या 'सांग'वर अलगद वर जायचा आणि तिथेच लटकून राहायचा. ऐकणाऱ्याला वाटायचं, कुणीतरी दारात उभं राहून लाडाने विचारतंय.

त्या दोन ओळी तिच्या नव्हत्या. जान्हवी साटमच्या होत्या.

जान्हवीही आमच्याच कॉलेजात. दोन वर्षं त्या दोघी एकत्र गायच्या. एका दुपारी भटवाडीच्या चढावर जान्हवीच्या चपलेचा अंगठा तुटला, आणि ती जे बोलली तेच हे शब्द, चालीसकट. बोलता बोलता गायची तिला सवयच होती. घरी पोचून गंधालीने त्याच्या मागेपुढे कडवी जोडली. गॅदरिंगला दोघींनी मिळून ते गायलं, तेव्हा मी मिक्सरवर होतो. नंतर जान्हवीचे वडील अचानक गेले. ती आईला घेऊन कांदिवलीला मामाकडे राहायला गेली, नोकरीला लागली. गाणं सुटलं, मग फोनही सुटले.

अल्बम इंटरनेटवर चढवताना एक फॉर्म भरावा लागतो. कॉम्प्युटरवर मी बसलो होतो. मी विचारलं, "गीतकार, संगीतकार तूच ना? चौथ्याला जान्हवीचं पण टाकू?"

गंधाली उभी राहून टेबलाच्या पायाला पायाने ठोकत होती. म्हणाली, "दोन ओळींसाठी कशाला यार? टाक माझंच."

मी टाकलं. दहा सेकंद लागले असतील.

वर्षभरात ते गाणं कुठे कुठे पोचलं. लोक त्याचं स्टेटस ठेवायला लागले, लग्नांमध्ये नवऱ्याच्या बहिणी त्यावर नाचायला लागल्या, कुणीतरी त्या ओळींचे टी-शर्टही काढले. गंधाली परब हे नाव ज्यांना लक्षात राहायचं नाही ते म्हणायचे, ती चप्पलवाली.

दुसऱ्या कुणी त्याच्यासारखी आणखी चार गाणी केली असती. गंधालीने गिटारच ठेवून दिली. २०१६ला 'लोखंड' आला. त्यात विशाल नावाच्या आमच्या मित्राचे ड्रम्स होते, आणि ती इतकी ओरडून गायली की आठवडाभर तिला पेशंटशी बोलता येईना. लोकांनी म्हटलं, झकास, पण चप्पलवालं कधी म्हणणार? २०१९ला 'बिनशब्द'. नावाप्रमाणेच त्यात एकही शब्द नव्हता, नुसती पेटी आणि कुकरच्या शिट्ट्या, शटर, कपडे आपटण्याचे आवाज. मला तो तिचा सगळ्यात चांगला अल्बम वाटतो. माझ्याशिवाय असं वाटणारे फार नाहीत. २०२१ला 'मिनिट', एकेका मिनिटाची एकोणीस गाणी. आठव्या दिवशी तिने तो स्वतःच काढून टाकला, दोन महिन्यांनी परत चढवला.

या काळात तिने राहायच्या खोल्याही तशाच बदलल्या. आधी मुलुंड, मग सांताक्रूझ, मग मरोळ. एका वर्तमानपत्राने तिच्याबद्दल लिहिलं, 'सतत नव्याच्या शोधात असलेली कलावंत'. तिने ते वाचून पेपर माझ्याकडे भिरकावला. "शोधात म्हणे."

तेव्हा मला ते नम्रतेसारखं वाटलं होतं. खरं काय ते २०२२ साली कळलं. अंधेरीला एका कॅफेत कार्यक्रम होता. संपल्यावर एक मुलगी पुढे आली आणि तिने मनगट दाखवलं. त्यावर त्या दोन ओळी गोंदवलेल्या, खाली बारीक अक्षरात 'गंधाली परब'. गंधालीने तिचं मनगट धरलं आणि धरूनच राहिली. मुलीला वाटलं, हिला भरून आलंय. बाहेर आल्यावर गंधाली मला म्हणाली, "सर्वेश, ते आता पुसता पण येणार नाही."

"काय?"

"माझं नाव. तिच्या हातावरचं."

फॉर्म मीच भरला होता.

तरी आणखी दोन वर्षं गेली. २०२४ला चपला बनवणाऱ्या एका कंपनीकडून विचारणा आली. त्यांना जाहिरातीसाठी तेच गाणं हवं होतं. दुसरं कुठलं हवं असणार! कागद आले. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं की या गाण्याचे शब्द व चाल सर्वस्वी माझी असून त्यावर अन्य कोणाचाही हक्क नाही. खाली सही.

गंधाली ते पान घेऊन माझ्या स्टुडिओत आली. डबिंग चालू होतं. ती काचेच्या मागे येरझाऱ्या घालायला लागली, तशी आतली बाई वाक्य चुकली. मी गंधालीला बाहेर काढलं.

"मी नाही म्हणून टाकते," ती म्हणाली. "विषय संपला."

"आणि जान्हवी?"

ती थांबली. मग म्हणाली, "बाइक आहे ना तुझी? चल."

पण जान्हवीचा पत्ता मिळवायलाच तीन दिवस लागले. ती चारकोपला राहत होती आणि एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायची. सकाळी नऊला आम्ही तिच्या बिल्डिंगखाली उभे होतो. ती स्कूटरवरून आली, हेल्मेट काढलं, आमच्याकडे पाहिलं. थोडी जाड झाली होती, नजर तीच. पायाशी निळा आइसबॉक्स होता.

"पटकन बोल," ती गंधालीला म्हणाली. "डब्यात सहा जणांचं रक्त आहे. आईला गोळी देते आणि लॅबला पळते."

गंधालीने बहुतेक मोठं भाषण तयार करून आणलं होतं. त्यातलं एवढंच निघालं, "ती ओळ तुझी होती."

"हो. मग?"

"मी नाव टाकलं नाही तुझं."

"माहितीये. पहिल्या दिवसापासून माहितीये. आमच्या खालच्या पानवाल्याची पण रिंगटोन होती ती."

"मग बोलली का नाहीस?"

"मी का बोलू? विसरणार तू, आणि आठवण मी करून द्यायची?"

गंधाली म्हणाली, "मी विसरले नव्हते."

जान्हवीने हेल्मेट स्कूटरच्या आरशावर अडकवलं. "हे बरं बोललीस. विसरले म्हणाली असतीस तर मी वर निघून गेले असते."

मग गंधालीने कंपनीचं सांगितलं. आणि घाईघाईने जोडलं, "पण मी त्यांना नकार देणार आहे. तुझी ओळ आहे, मी नाही विकणार."

"का? मला विचारलंस?"

गंधाली स्कूटरच्या स्टँडला पायाने ठोकायला लागली.

"तुला बरं वाटावं म्हणून माझी ओळ घरात ठेवू नकोस गं. माझं नाव घाल आणि दे त्यांना. माझी काही हरकत नाही." तिने आइसबॉक्स उचलला, दोन पावलं गेली आणि परत फिरली. "आणि काय गं, शेवटच्या 'सांग'ला तू वर का जातेस?"

"म्हणजे?"

"मी खाली बोलले होते. वैतागून. ऊन काय होतं आठव, पाय भाजत होते माझे. आणि तू आपली पुढे निघून गेलेली, मागे वळून पण बघत नव्हतीस. तुला हाक मारत होते मी. लाडात नव्हते आले."

एवढं बोलून ती जिना चढून गेली. गंधाली तिथेच उभी राहिली. मी तिला इतका वेळ न हलता उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. वॉचमनने येऊन विचारलं, "मॅडम, कोणाकडे?"

कंपनीला आम्ही कळवलं की गाणं दोघींचं आहे, दोघी सही करतील. त्यांनी कळवतो म्हटलं. आठवड्याने कळवलं की त्यांनी दुसरं गाणं घेतलंय. गंधालीने जान्हवीला फोन केला. जान्हवी म्हणाली, "बरं," आणि फोन ठेवला.

नाव बदलायला मात्र दीड महिना गेला. दहा सेकंदांत टाकलेलं नाव पंधरा ठिकाणी पसरलं होतं. ईमेल, अर्ज, जान्हवीचं ना हरकत पत्र, पुन्हा ईमेल. ते सगळं मी केलं. मला करायचंच होतं. शेवटी एके दिवशी स्क्रीनवर आलं, 'शब्द आणि चाल: जान्हवी साटम, गंधाली परब'. गंधालीने स्वतःच्या पानावर चार वाक्यांत सगळं खरं लिहून टाकलं. तिला वाटलं होतं लोक शिव्या देतील. काहींनी दिल्याच. पण बहुतेकांनी लिहिलं, किती मोठं मन, सलाम तुम्हाला. शिव्यांपेक्षा ते तिला जास्त लागलं. "चोरी कबूल केली तर टाळ्या वाजवतात रे," ती म्हणाली. "वाट लागलीये लोकांची."

मग पाचवा अल्बम केला. नाव 'ना हरकत'. त्यात चप्पलवालं गाणं नव्याने घेतलं, 'सांग' खाली ठेवून. ऐकायला सोपं वाटतं, पण दहा वर्षं वर चढलेला आवाज खाली उतरेना. तीस वेळा गायली, तीसही वेळा शेवटच्या क्षणी गळा आपोआप वर. एकतिसाव्या वेळी ती गाता गाता चिडली, स्वतःवरच, आणि ते 'सांग' दगड टाकल्यासारखं पडलं. मी रेकॉर्डिंग थांबवलं. आम्ही जान्हवीला ते पाठवलं. दोन दिवसांनी उत्तर आलं: 'आता बरोबर.' बस. त्या दोघी पुन्हा मैत्रिणी झाल्या असं मी सांगू शकत नाही. दिवाळीला मेसेज येतो, इकडून जातो.

गेल्या वर्षी मुलुंडला एका छोट्या हॉलमध्ये तिने पहिल्यांदा ते तसं गायलं. 'सांग' आलं. ती खाली गेली आणि समोरचे दीडशे लोक, दहा वर्षांच्या सवयीने, वर गेले. हॉल भरून त्यांचा लाडिक 'सांग', आणि त्याच्या खाली कुठेतरी तिचा खरा. कुणाच्या लक्षातही आलं नाही. तिने एकदा लोकांकडे पाहिलं, घसा खाकरला आणि पुढचं कडवं घेतलं.

सामान आवरताना ती मला म्हणाली, "मला वाटलं होतं, नाव टाकलं की थांबेल हे."

"काय?"

तिने खाली बोट दाखवलं. पाय चालूच होता.

तो अजून चालू आहे. आता मलाही वाटायला लागलंय, तिची सगळी चुळबूळ त्या दोन ओळींपायी नव्हती. थोडी असेल, बाकीची ती जन्मतःच घेऊन आली. शेवंतीकाकीला विचाराल तर ती म्हणेल, पोटातसुद्धा ही एका जागी नव्हती.

गेल्या महिन्यात तिने पुन्हा खोली बदलली, आता बोरिवलीला. सामान चढवायला मी आणि विशाल गेलो होतो. पंखाही लावला नव्हता, पेट्यांच्या मधल्या जागेत उभी राहून ती नव्या गाण्याचा मुखडा गुणगुणायला लागली. अर्ध्यात थांबली.

"विशाल, ही चाल तुझी आहे. काल सामानाचा टेम्पो ठरवताना तू गुणगुणत होतास."

"माझी?" विशाल घामाघूम झाला होता. "मी काय म्हणत होतो?"

तिने म्हणून दाखवलं. त्याला अजिबात आठवेना. तो म्हणाला, "असेल यार. आधी खाली चला, तुझं कपाट जिन्यात अडकलंय."