काकूंची दुपार

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत समोरच्या इमारतीत एक काकू राहतात. भर दुपारी गेटपाशी मी हसलो, तरी त्या गडद चष्म्याआडून सरळ पुढे जातात. तिन्हीसांजेला मात्र त्याच काकू गॅलरीतून ओरडतात, "अहो, शर्टाची बटणं वरखाली लागलीत!" ही बाई शिष्ट की प्रेमळ, मला कळेना.

शेवटी एकदा विचारलंच. त्या म्हणाल्या, "डोळ्याच्या पडद्यातल्या पेशींना बारीक दारं असतात, क्षारांचे कण आत यायला. अंधारात ती उघडी असतात, उजेड पडला की मिटतात, आणि त्यावरूनच दिसतं. उजेडात बघणाऱ्या माझ्या पेशींची दारं जन्मापासून बिघडलेली. दुपारी मला सगळं पांढरंफटक."

दार मिटल्यावर दिसतं, हे काही माझ्या डोक्यात शिरलं नाही. पण तेव्हापासून दुपारी मी आधी आवाज देतो. काल म्हटलं, "काकू, मी समोरचा."

"माहितीये," त्या न थांबता म्हणाल्या. "तुमची चप्पल फरफटते. लांबूनच कळतं, नेहमीच."

मग इतके दिवस दुपारी बोलल्या का नाहीत, हे विचारायचा मला धीर झाला नाही.