बांधावरच्या सुलोचनाकाकू

पहिल्या भेटीत सुलोचनाकाकूंनी माझ्या ड्रोनकडे पाहिलंच नाही. वडनेरजवळच्या त्यांच्या गावात मी ते फवारणीसाठी प्रथमच नेलं होतं. गाव मोबाइल उंचावून उभं होतं. काकू ग्रामपंचायतीच्या सदस्य. त्यांनी थेट मला विचारलं, "बाबू, हे बिघडलं तं बंद कोन करते?"

"आपोआप परत येतं, काकू."

"आपोआपचं नाई इचारलं. मानसाचं नाव सांग."

यंत्राला त्यांचा विरोध नव्हता. पाठीवरच्या पंपाने फवारताना त्यांच्या दिराला विषबाधा होऊन त्याची नजर गेली होती. "तो पंप सुटला तं बरंच आहे," त्या म्हणायच्या, "पन नवं आलं म्हनून इचारनं काऊन बंद करावं?" आदल्या दिवशी लाउडस्पीकरवर सूचना, शेजारच्या शेतात कुणी नको, बांधावर एक माणूस, असे नियम त्यांनी ग्रामसभेत मांडले. लोक हसले, नियम मंजूर झाले नाहीत. "काही होत नाही," असं मीच सगळ्यांना सांगितलं. तेव्हापासून काकू स्वतःच शिट्टी घेऊन बांधावर उभ्या राहू लागल्या.

एका सकाळी मी तुरीवर फवारत होतो. शेजारी बाया कापूस वेचत होत्या. वारा फिरला. मला ते जाणवलं, पण दोनच पट्टे उरले होते. मी थांबलो नाही. काकूंची शिट्टी वाजली तेव्हा बटण दाबलं, तर हातातला स्क्रीन हँग झालेला. ड्रोन आपोआप परत आलंच नाही, फवारत पुढेच चाललं, आणि वारा ते सगळं विष कापसाकडे नेत होता.

बाया पदराने तोंड झाकून पळाल्या. गुडघ्यांनी अधू असलेली एक म्हातारी तेवढी मागे राहिली. काकू धावत गेल्या आणि तिच्यावर ओणव्या झाल्या. मी वेड्यासारखा बटण दाबत होतो. टाकी संपली तेव्हाच फवारा थांबला. काकूंची पाठ ओलीचिंब झाली होती.

हिंगणघाटच्या दवाखान्यात त्या तीन दिवस होत्या. उलट्या थांबल्यावर पहिला प्रश्न मलाच. "सभेत काय सांगशीन?"

"स्क्रीन बंद पडला."

"ते खरंच आहे. पन वारा फिरला ते तुले आधी समजलं होतं. तेही सांगजो."

मी सभेत दोन्ही सांगितलं. एकजण अंगावर धावून आला. ड्रोनला गावबंदी करा, असा ओरडा झाला. काकू खुर्चीला धरून उठल्या. "यानं खरं सांगितलं म्हनून आपल्याले समजलं. याले हाकललं तं पुढचा सांगनारच नाई." नियम त्याच दिवशी मंजूर झाले.

पुढच्या फवारणीला माझे हात चालेनात. काकू अजून अशक्तच होत्या. आजूबाजूची शेतं रिकामी आहेत हे त्या फिरून पाहून आल्या आणि म्हणाल्या, "उडव आता. मी आहो इथंच."