आक्कांना पुतळे दाखवले तो दिवस

औरंगाबादच्या कला महाविद्यालयाच्या यादीत माझ्या मुलीचं नाव लागलं. विषय शिल्पकला. शनिवारपर्यंत मूळ कागदपत्रं घेऊन हजर व्हायचं होतं आणि यादी कळली तेव्हा गुरुवार उजाडला होता. मुलींच्या वसतिगृहात जागा शिल्लक नव्हती. औरंगाबादेत आमच्या ओळखीचं एकच घर होतं, माझ्या थोरल्या नणंदेच्या मुलाचं. त्या घरात कोण राहणार आणि कोण नाही, हे तो ठरवत नसे. त्याची आई गावी, केदारखेड्यात बसून ठरवायची.

या नणंदेला आम्ही सगळे आक्का म्हणायचो. माझे सासू-सासरे लवकर गेले. माझ्या नवऱ्याला आक्कांनीच वाढवलं. त्यामुळे मुलीचं काय करायचं असं मी त्याला विचारलं तेव्हा त्याने ताटावरून मान वर न करता सांगितलं, "आक्का म्हणील तसं." हे उत्तर मी लग्नापासून ऐकत होते. त्यावर भांडण्यात अर्धा दिवस गेला असता, आणि माझ्याकडे अर्धा दिवस नव्हता.

आक्का डोळे दाखवायला जालन्यात आल्या होत्या आणि आमच्याकडेच उतरल्या होत्या. त्यांनी मत आधीच देऊन टाकलं होतं. "मास्तरीण कर, नर्स कर. दगडं फोडायला पोर औरंगाबादला धाडायची? हितं काय दगडं कमी हायेत?" शुक्रवारी दुपारच्या गाडीने त्या परत जाणार होत्या. म्हणजे माझ्या हातात शुक्रवारची सकाळ होती.

जालन्याच्या मस्तगड भागात आमची पिठाची गिरणी होती. ती मी चालवायची. नवरा कचेरीत शिपाई. गिरणीचे दोन दगड दळून दळून गुळगुळीत झाले की पीठ गरम आणि भरड येतं. मग वरचा दगड उचलायचा आणि छिन्नी-हातोडीने दोन्ही दगडांना बारीक खाचा पाडायच्या. टाकी म्हणजे छिन्नीच; याला टाकी लावणं म्हणतात. टाकी लावायला मिस्त्री येतो असं सासरी सगळ्यांना वाटे. तो यायचा, पण एका वर्षी तो गाव सोडून गेला आणि दुसरा सांगूनही येईना. तेव्हापासून शटर ओढून घेऊन टाकी मीच लावत होते. मुलगी दहा-अकरा वर्षांची असल्यापासून शेजारी बसायची. पुढे एक दगड माझा, एक तिचा. शिल्पकलेचं खूळ तिच्या डोक्यात तिथूनच शिरलं. एका फुटक्या पाट्यातून तिने बेडूक कोरला होता, तो शाळेच्या चित्रकलेच्या बाईंनी पाहिला आणि पुढचं सगळं झालं. यातलं आक्कांना काही ठाऊक नव्हतं. घरच्या बाईने छिन्नी धरायची हे त्यांना खपलं नसतं, म्हणून मी सांगितलं नव्हतं.

औरंगाबाद रस्त्याला, गावाबाहेर, एका हौशी कारखानदाराने पुतळ्यांची बाग केली होती. लोखंडी भंगाराचे आणि काळ्या दगडाचे पुतळे, शिवाय एका लांब खोलीत नव्या तऱ्हेची चित्रं. मुलगी तिथे दोनदा जाऊन आली होती. मी ठरवलं, आक्कांना तिथे न्यायचं. हे काम किती मानाचं आहे ते त्यांनी डोळ्यांनी बघावं.

"डोळ्यात औषध घातलंय माझ्या," आक्का म्हणाल्या.

"डाक्टरनं हिरवळीकडं बघायला सांगितलंय ना? तिथं हिरवळ हाय," मी म्हणाले.

गिरणीला कुलूप लावलं, भाकरी आणि ठेचा बांधून घेतला आणि आम्ही तिघी काळी-पिवळी जीपमध्ये बसलो. मुलगी वाटभर बोलली नाही. मी तिला तशी ताकीदच दिली होती. ती बोलायला लागली की 'आकार' आणि 'अवकाश' असले शब्द यायचे.

मी मनात रस्ता आखला होता. आधी लोखंडी बैल, मग चित्रं, मग दगडकामाची शेड, कारण तिथे पुण्याहून एक शिल्पकार बाई आल्या आहेत असं मुलीने सांगितलं होतं. एका बाईचा पुतळा होता, अंगावर चिंधी नसलेला, तो टाळायचा.

बैल बैलाएवढाच होता, सगळा भंगारातून जोडलेला. आक्कांनी त्याला एक फेरी घातली आणि खांद्यापाशी थांबल्या.

"हे कडबाकुट्टीचं चाक."

"होय आत्या," मुलगी म्हणाली. "वशिंड केलंय त्याचं."

आक्कांनी चाकाचे दात बोटाने चाचपले. "दात शाबूत हायेत. चालू चाक हाय हे. चालू चाक बैलाला कशापायी लावलं? कडबा कापाया दुसरं आणलं असंल मंग." एवढं बोलून त्या पुढे गेल्या. बैल बाद झाला.

पुढे वाट दोन ठिकाणी फुटत होती. मी उजवीकडे वळवत होते तेवढ्यात आक्का डावीकडे गेल्या, कारण सावली तिकडे होती. त्या थेट त्या बाईच्या पुतळ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. डोकं नाही, हात नाहीत, बाकी सगळं आहे. मी घाईने म्हणाले, "चला आक्का, चित्रं तिकडं हायेत."

"थांब की," आक्का म्हणाल्या. गावातल्या किती बाळंतिणींना त्यांनी न्हाऊ घातलं असेल याची गणती नाही. त्यांनी पुतळ्याच्या पोटाकडे नीट बघितलं. "दोन लेकरं झालेली बाई हाय. करणाऱ्यानं बराबर बघितलंय. डोकं तेवढं राह्यलं."

"मुद्दाम ठेवलं न्हाई, आत्या."

"बरं हाय मंग. कुणाचं ऐकायचं काम न्हाई तिला."

मुलगी हसली. मीही हसले असते, पण मला पुढची चिंता होती.

चित्रांच्या खोलीत गार होतं. तिथल्या राखणदाराने चपला बाहेर काढायला लावल्या. पहिल्या पाच-सहा चित्रांतलं मला काही कळलं नाही. कळल्यासारखं करायचं मला जमत नाही, म्हणून मी खुर्चीवर बसून घेतलं. आक्का मात्र एका मोठ्या चित्रापाशी खिळल्या. तपकिरी रंग जाड थापून त्यात वरून खाली रेघा ओढलेल्या होत्या, बाकी काही नाही.

"कुणी केलंय हे?" त्यांनी राखणदाराला विचारलं.

"मुंबईचे आहेत, बाई. मोठे चित्रकार."

"शेती न्हाई त्यांना."

"काय की."

"न्हाईच. उताराला उभं नांगरलंय सगळं. पहिल्याच पावसात माती वढ्यात जाईल." त्यांनी मान एका बाजूला कलती केली. "माती मातर झकास हाय. काळी न्हाई, तांबूस. भोकरदनाच्या अंगाला असती तशी."

राखणदार त्या चित्राकडे नव्याने बघायला लागला. आक्का तिथे बराच वेळ उभ्या होत्या आणि मला जरा आशा वाटली. पण बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "बघितलं सगळं. चल म्हणलं आले, बघ म्हणलं बघितलं. पोरीचं न्हाई म्हंजे न्हाई. चल भाकर खाऊ."

"शेड राहिली," मी म्हणाले. "भाकर मंग."

शेडमध्ये पुण्याच्या बाई नव्हत्या. त्या आदल्या दिवशीच परत गेल्या होत्या. पत्र्याखाली धूळ उडत होती. एक तरणा कामगार मांडीला पोतं बांधून काळा दगड फोडत होता आणि पलीकडे दाढीवाले एक गृहस्थ कागदावर काहीतरी आखत होते. ते तिथले प्रमुख. कामगाराच्या केसांत, भुवयांत, कानांत दगडाची भुकटी. आक्कांनी पदर नाकाला लावला.

"हे," त्या म्हणाल्या. "हे करणार आपली पोर."

मुलीचा चेहरा उतरला. मी इतका आटापिटा करून नेमकी हवी होती त्याच्या उलट गोष्ट आक्कांसमोर आणून ठेवली होती.

आणि त्यात तो कामगार. त्याच्या छिन्नीचा आवाज मला मघापासून खटकत होता. धार गेलेली होती आणि तरी तो जोर लावत होता. दगड कापला जात नव्हता, नुसता ठेचला जात होता. मी हातातली भाकरीची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, "दादा, टाकी बोथट झाली तुमची. दुसरी घ्या."

"चालतंय, मावशी."

"न्हाई चालत. उद्या तिथून कपचा निघंल."

त्याने हसून छिन्नी पुढे केली. "तुमीच दाखवा मंग."

त्याला वाटलं मी मागे सरेन. मी पदर खोचला, त्याच्या पेटीतली दुसरी छिन्नी अंगठ्यावर पारखून घेतली, पोत्यावर बसले आणि कामाला लागले. हातभर पट्टा एकसारखा उतरवला. दाढीवाले उठून आले. मी मान वर केली तेव्हा आक्का माझ्याकडे बघत होत्या आणि पदर नाकावरून खाली आला होता.

"तुला कुठून येतं गं हे?"

आता सांगायचं किंवा नाही, एवढंच उरलं होतं. मी सांगितलं. "मिस्त्री कवाच गेला, आक्का. बारा वर्षं गिरणीला मीच टाकी लावते. आठवी-नववीपासून ही पण लावती. आमच्याकडं आल्यावर तुमी खाता ते पीठ आमच्याच हातचं हाय. कुणाचं काय बिघडलं?"

आक्कांनी जिभेने दाढ चाचपली. मग म्हणाल्या, "त्या साली पीठ दाताखाली कचकच करून राह्यलं होतं. ते तुझं काम होय?"

"पहिल्या वर्षी. टाकी लावल्यावर आधी थोडी जवारी दळून टाकून द्यावी लागती, ते ठाव नव्हतं. मंग शिकले."

"माझी दाढ हालली त्या पिठानं."

"मला म्हणायचं व्हतं."

"तुला कशाला म्हणू? मला वाटलं मिस्त्रीच हरामी हाय. त्याला शिव्या घातल्या मी." त्यांनी मुलीकडे बघितलं. "ऊठ. तू लाव बघू."

मुलगी माझ्या जागी बसली. तिचा ठोका माझ्यापेक्षा हलका आहे, पण चुकत नाही. आक्का वाकल्या, तिने उतरवलेल्या जागेवरून तळहात फिरवला, भुकटी फुंकली आणि परत हात फिरवला. पाटा घेताना बायका दगड पारखतात तसा. मग त्या दाढीवाल्यांकडे वळल्या.

"तुमी साहेब ना हितले? खरं सांगा. हे शिकून पोट भरतं का?"

मी त्यांच्याकडे डोळे मोठे करून बघितलं. ते त्यांना दिसलं नाही, किंवा दिसूनही त्यांनी मानलं नाही.

"खरं सांगायचं तर नुसत्या पुतळ्यांवर नाही भरत," ते म्हणाले. "माझ्या वर्गातले दोघंतिघंच शिल्पकार म्हणून उभे राहिले."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे काय, शाळेत चित्रकला शिकवतात. मी पण वीस वर्षं तेच केलं."

"सरकारी शाळेत?"

"बहुतेक जण. काही संस्थांच्या."

"पगार बराबर भेटतो?"

"पगार मिळतो."

आक्का माझ्याकडे वळल्या आणि चांगल्याच तापल्या होत्या. "मास्तरीण व्हईल की मंग! हे कुणी सांगायचं? सकाळपासून मला भंगार दाखवून राह्यलीस."

ही गोष्ट मला माहीत होती. पण ती कमीपणाची आहे असं मुलीने मला पढवलं होतं आणि मी तिचं ऐकलं होतं. मुलगी तोंड उघडायला लागली तशी मी तिच्या पायावर पाय दिला.

भाकरी आम्ही शेडच्या पायरीवर खाल्ली. दाढीवाल्यांनाही बसवलं. ठेच्याने त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं तरी त्यांनी दुसऱ्यांदा घेतला. आक्कांनी दोन अटी घातल्या. एक, मुलीने तोंडाला फडकं बांधल्याशिवाय दगडाला हात लावायचा नाही. दुसरी मला होती. "दिवाळीला येशील तवा माझ्या पाट्याला टाकी लावायची. वर्ष झालं, चटणी बारीक व्हईना. आणि दिवसाढवळ्या, अंगणात बसून लावायची. चोरून न्हाई."

गावात परतल्यावर आक्कांची गाडी सुटायला अर्धा तास होता. स्टँडसमोरच्या फोनच्या खोक्यात आम्ही तिघी कशाबशा मावलो. मी नंबर फिरवला आणि रिसीव्हर त्यांच्याकडे दिला. आक्कांना फोनवर औरंगाबादेपर्यंत आवाज पोचवायला ओरडावं लागतं असं वाटे.

"हां, मी बोलून राह्यली. मामाची पोर यायलीय तुझ्याकडं. चार वर्षं. काय? बायकोला इचारायचं तर इचार, पण यायलीय. मागची खोली रिकामी कर. दगड आणील, अंगणात ठेवू दे. ठकठक करील. करू दे, मास्तरीण व्हायचीय तिला. लेकराची झोप मोडली तर लेकराला घेऊन माझ्याकडं ये. हां. दूध सकाळी देत जा तिला."

मग त्यांनी रिसीव्हर माझ्या हातात ठेवला. पलीकडून भाच्याने विचारलं, "मामी, कवा येताय?"

"आमी दोघी उद्या सकाळच्या गाडीनं येतो," मी म्हणाले. "तिला सोडून मी दुपारी परत फिरेन. गिरणी बंद हाय."